मागचा सिलिंडर

आमच्या वर्कशॉपात त्यांना सगळे दाजी म्हणायचे. खरं तर ते एकाच माणसाचे दाजी होते, त्यांच्या बायकोच्या धाकट्या भावाचे. पण तो भाऊ दिवसातून पन्नास वेळा ‘दाजी, दाजी’ करायचा आणि ते नाव डिंकासारखं चिकटलं. वयाने त्यांच्या वडिलांएवढे असलेले मालकही त्यांना दाजीच म्हणत. मग त्या भावाला ओघानेच सगळे मेहुणा म्हणायला लागले. मी नवीन कामाला लागले तेव्हा पहिला आठवडाभर मला वाटत होतं, हे सगळं वर्कशॉप एकमेकांच्या सोयरिकीतलंच आहे आणि बाहेरची मी एकटीच.

मी पॉलिशला होते. वेल्डरने जोडलेला सांधा ग्राइंडरने घासायचा, मग बफ मारून त्यात तोंड दिसेल असा करायचा, हे माझं काम. सतरा वर्षं केलं. डॉक्टरपेक्षा नर्सला रोगी जास्त कळतो म्हणतात, तसं वेल्डरचं सगळं पॉलिशवालीला कळतं. सांधा कुठे पोटातून धरलाय आणि कुठे नुसता वरवर लेप दिलाय, हे चाकाच्या आवाजावरून ओळखू येतं.

आमच्याकडे लोखंडाचं काम भरपूर असायचं, फाटकं, जाळ्या, रॅक. ते कुणीही करी. पण मालकाचं नाव होतं ते स्टेनलेसच्या पातळ पाईपच्या कामासाठी. जिन्याचे कठडे, दवाखान्यातल्या ट्रॉल्या, न्हाणीघरात म्हाताऱ्यांनी धरायचे दांडे. त्या पाईपची भिंत असते जेमतेम सव्वा मिलीमीटर, आपल्या अंगठ्याच्या नखापेक्षा थोडी जाड. मिग मशीन म्हणजे सिलिंडरमधला गॅस सोडत वायर वितळवून सांधा जोडणारं वेल्डिंगचं मशीन. त्याला दोन मुख्य बटणं असतात. एक व्होल्टेजचं, म्हणजे किती ताव द्यायचा ते. दुसरं वायर किती वेगाने पुढे सरकवायची त्याचं. ताव जास्त झाला की पाईपला भोक पडतं, आणि एकदा भोक पडलं की तो तुकडा गेला. कमी झाला तर वायर वितळून वरच बसते, चिखलाचा गोळा भिंतीला मारावा तशी. दिसायला जोड दिसतो, पण जोड नसतो. या दोन्हींच्या मधे एक अरुंद जागा असते. तिथे मशीन लागलं की आवाज बदलतो, कुणी जाड कापड एका दमात सरळ फाडतंय असा एकसारखा आवाज येतो. दाजींच्या मशीनचा आवाज नेहमी तसाच यायचा.

दाजी उंच, थोडे वाकलेले. कामापुरतं बोलणारे. हेल्मेटची काच स्वतःच्या शर्टाच्या टोकाने पुसायचे आणि बायको त्यावरून घरी रोज बोलायची, ‘शर्ट आहे की पायपुसणं?’ त्यांचे सांधे माझ्याकडे यायचे ते फिकट सोनेरी, एकावर एक नाणी आडवी लावावी तसे. मला त्यांवर फार हात चालवावा लागत नसे. मी म्हणायचे, ‘दाजी, तुमच्यामुळे माझी नोकरी जाईल.’ ते फक्त भुवई उडवायचे.

त्यांची एक खोड सगळ्यांना माहीत होती. सेटिंग लावताना ते मशीनकडे तोंड करून असे उभे राहायचे की पाठीआड दोन्ही बटणं झाकली जावीत. आणि काम संपलं की दोन्ही बटणं शून्यावर. चहाला गेले तरी शून्यावर. शौचाला गेले तरी शून्यावर.

याचं कारण त्यांनी एकदा मला सांगितलं होतं. ते शिकले त्या उस्तादाने त्यांना पाच वर्षं एकही आकडा सांगितला नव्हता. दोन वर्षं नुसता केर काढला, तीन वर्षं पाईप कापले. उस्ताद जेवायला बसला की हे मशीनवर बोटाने बटणांचा कोन मोजायचे, आणि पकडले गेल्यावर मारही खाल्ला होता. ‘मला कुणी ताटात वाढून दिलं नाही,’ दाजी म्हणाले. ‘चोरून चोरून शिकलोय.’ यात अभिमान किती आणि दुखणं किती, हे मला तेव्हा कळलं नाही.

मेहुणा आला तो अठ्ठाविसाव्या वर्षी. आधी कुठल्याशा कारखान्यात फिटर होता, तो कारखाना बंद पडला. बहिणीने नवऱ्याला गळ घातली आणि दाजींनी मालकांना सांगून त्याला आणला. दाजी जितके मिटलेले, तितका हा उघडा. काम करताना बडबड, हसणं, शिट्ट्या. मला पॉलिशबाई म्हणायचा, मी त्याला मेहुणेबुवा म्हणायचे. लोखंडाच्या कामात वर्षभरात तयार झाला. हात स्थिर होता त्याचा, आणि कामाची हौस अशी की रद्दीतल्या पाईपच्या तुकड्यांवर डबा खायच्या सुट्टीत सराव करायचा.

स्टेनलेसकडे मात्र दाजी त्याला फिरकू देत नसत. तो विचारायचा, ते म्हणायचे, ‘हात बघ. आकडे नको बघू.’

‘दाजी,’ एकदा सगळ्यांसमोर तो म्हणाला, ‘आम्ही तुम्हाला आमची अख्खी बहीण देऊन टाकली, आणि तुम्ही आम्हाला दोन बटणं दाखवत नाही?’

सगळे हसले. दाजीही हसले. पण बटणं दाखवली नाहीत.

अशी नऊ वर्षं गेली. मेहुण्याने पाहून पाहून, तुकड्यांवर करून करून, बरंच मिळवलं होतं. दाजींनीही हळूहळू त्याला ट्रॉल्यांचे साधे सांधे द्यायला सुरुवात केली, पण मशीन स्वतः लावून द्यायचे. एके दिवशी मालक माझ्या टेबलापाशी आले. दोन सांधे होते, एक दाजींचा, एक मेहुण्याचा. मालकांनी दोन्हींवरून बोट फिरवलं आणि सहज, कौतुकाने म्हणाले, ‘दाजी, मेहुण्याचा हात तुमच्यापेक्षा हलका आहे बरं का.’

दाजी शेजारीच उभे होते. ‘हो,’ म्हणाले आणि निघून गेले. मी ते विसरले. मालक तर दहा पावलांवरच विसरले असतील.

त्यानंतर दोनेक महिन्यांनी एक मोठं काम आलं. एका उपचार केंद्रात व्यायामाचा हौद बांधला होता. पक्षाघात झालेली, हाडं मोडलेली माणसं कोमट पाण्यात चालायला शिकतात, तसला. त्या हौदाच्या पायऱ्यांचे कठडे आणि कडेने धरायचे दांडे आम्ही करायचे होते. सगळं पातळ स्टेनलेस. पाईप आले, कापून झाले, आणि त्याच आठवड्यात दाजींना मूतखड्याचं दुखणं उठलं. ऑपरेशन करावं लागलं. दहा दिवस दवाखाना, पुढे पंधरा दिवस घरी. केंद्राच्या उद्घाटनाची तारीख ठरलेली. मालकांनी मेहुण्याला सांगितलं, ‘तू कर.’

दुसऱ्या दिवशी दुपारी भेटायच्या वेळेत तो दवाखान्यात गेला, मीही बरोबर गेले. दाजी उशाला टेकून बसले होते. ताई, म्हणजे त्यांची बायको, सफरचंद कापत होती. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या आणि मेहुणा म्हणाला, ‘दाजी, हौदाचं काम माझ्याकडे आलंय. आता तरी सांगा.’

‘अहो, सांगा की त्याला,’ ताई म्हणाली. ‘खजिन्याची किल्ली आहे का ती?’

दाजींनी हातातली सफरचंदाची फोड बशीत ठेवली. मग म्हणाले, ‘सतरा व्होल्ट. वायरचा वेग साडेचार. वायर पॉइंट आठची, ती मशीनवर आहेच. आधी इंच-इंचावर टाके मार. मग थोडं मार, थांब, निवू दे, दुसऱ्या बाजूला जा. एका जागी रेंगाळलास की भोक.’

मेहुण्याने पेन काढून ते तळहातावरच लिहून घेतलं. त्याला कागद शोधायचा धीर नव्हता. ‘बाकी काही?’ त्याने विचारलं.

दाजींनी पांघरूण नीट केलं. ‘बाकी काही नाही.’

जिना उतरताना मेहुणा तळहात पुन्हा पुन्हा बघत होता. ‘पॉलिशबाई,’ म्हणाला, ‘नऊ वर्षं लागली, पण माणूस मनाने मोठा आहे.’

दोन दिवसांनी त्याने काम सुरू केलं आणि पहिल्याच सांध्याला मशीनचा आवाज बिघडलेला. कापड फाडल्यासारखा नाही, गरम तव्यावर पाण्याचे थेंब पडावेत तसा. ठिणग्या उडत होत्या, वायर फटफट करत होती. त्याने मशीन तपासलं, वायर बदलली, आकडे पुन्हा लावले. मग हातमोजा न काढता फोन टेबलावर ठेवून, स्पीकर चालू करून दाजींना लावला. मी चार हातांवर होते.

‘दाजी, आकडे तुमचेच लावलेत. पण लाह्या फुटतायत नुसत्या.’

पलीकडे कुणीतरी खाकरलं. मग दाजींचा आवाज आला, ‘हात जड पडतोय तुझा. पाईप आहे तो, फावडं नाही.’

मेहुण्याने फोन ठेवला. त्याचा चेहरा पडला होता, पण तो लगेच कामाला लागला. ताव वाढवत वाढवत एकोणिसाच्या वर नेला तेव्हा कुठे वायर नीट वाहायला लागली. दोन पाईपांना भोकं पडली, ते बदलले. तेरा दिवस राबला तो. असे शांत तेरा दिवस मी त्याचे कधी पाहिले नव्हते. शिट्टी बंद.

ते सांधे माझ्याकडे आले ते काळपट, खरखरीत, दूध लागलेल्या भांड्याच्या तळासारखे. मी म्हणाले, ‘मेहुणेबुवा, हे दाजींसारखं दिसत नाही.’

‘दाजींचा हात दाजींचा,’ तो म्हणाला. ‘तुमचा बफ आहे ना?’

होता. मी काळं काढलं, चाक फिरवलं, आणि तीन दिवसांत सगळे सांधे आरशासारखे केले. चाकाचा आवाज मला आवडला नव्हता. तो धातू नेहमीसारखा वाटत नव्हता, कुठेतरी ठिसूळ, कोरडा. पण तारीख जवळ आली होती, आणि मी काही वेल्डर नव्हते. असं मी स्वतःला सांगितलं. अजूनही अधूनमधून सांगते, पण आता पटत नाही.

कठडे बसले. उद्घाटन झालं. दाजी कामावर परत आले. तीन महिन्यांनी केंद्रातून निरोप आला की सांध्यांपाशी तपकिरी डाग येतायत. स्टेनलेसला गंज? मालक म्हणाले, पाण्यातल्या औषधाचा डाग असेल, पुसून घ्या. पाचव्या महिन्यात एका पायरीवरचा दांडा सांध्यातून सुटला. त्याला धरून उतरत होत्या एक निवृत्त शिक्षिका. पक्षाघातातून बऱ्या होत होत्या, आठवड्याभरात काठी सोडायची होती. त्या पायरीवर पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालकांनी सगळ्यांना मशीनपाशी बोलावलं. तुटलेला दांडा टेबलावर ठेवला होता. सांध्याच्या कडेने सरळ चीर गेली होती आणि आतून सगळं तांबूस.

‘हा सांधा कुणी मारला?’

‘मी,’ मेहुणा म्हणाला. ‘दाजींनी दिलेल्या सेटिंगवर सुरुवात केली होती. जमेना म्हणून ताव वाढवला.’

मालक दाजींकडे वळले. ‘काय सेटिंग दिली होती?’

‘सतरा. साडेचार.’ दाजी म्हणाले. एक अक्षर खोटं नाही.

‘मारून दाखवा.’

दाजींनी हेल्मेट उचललं. त्याच पाईपचे दोन उरलेले तुकडे घेतले. केबल अडकली होती की काय, त्यांनी मशीनमागे हात घालून ती सारखी केली. मग या वेळी पाठ न करता, सगळ्यांना दिसतील अशी दोन्ही बटणं लावली. सतरा. साडेचार. ट्रिगर दाबला आणि तोच आवाज आला, कापड फाडल्याचा, एकसारखा. दोन मिनिटांत सांधा तयार. फिकट सोनेरी, नाण्यांची ओळ.

मेहुण्याने तो तुकडा गरम असतानाच हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला, आणि अगदी हळू म्हणाला, ‘म्हणजे माझाच हात.’

दाजी हेल्मेटची काच पुसत होते.

मालकांनी त्याला काढलं नाही. उलट म्हणाले, लोखंडाचं कर, चूक माणसाच्याच हातून होते. पण मेहुण्याने त्या दिवसानंतर वेल्डिंगची गन हातात धरली नाही. महिनाभर पाईप कापायला बसला, मग तेही सोडलं. दुसऱ्या गावी एका गोदामात सामान उतरवून घ्यायच्या कामाला लागला, बायकोमुलांसकट बिऱ्हाड तिकडे हलवलं. बहिणीकडे यायचा बंद झाला. ‘दाजींना कुठलं तोंड दाखवू?’ म्हणायचा. ‘त्यांनी शब्द टाकून मला आणलं आणि मी त्यांचं नाव घालवलं.’ ताई फोनवर रडायची, तो ‘बघू’ म्हणायचा. त्या बाईंना मात्र तो दर रविवारी जाऊन भेटायचा, असं पुढे कळलं. हौदाचे सगळे कठडे दाजींनी नव्याने करून दिले. ते आजही चकचकीत आहेत.

तीन वर्षं अशीच गेली. मग एका दिवशी दाजी तापाने घरी होते आणि गॅसच्या सिलिंडरची गाडी आली. एरवी सिलिंडर दाजीच उतरवून घेत. आणणारा माणूस नवा होता. त्याने कागद माझ्यापुढे धरला. ‘बाई, हा पुढचा लोखंडाचा. आणि हा मागचा स्टेनलेसचा. अदलाबदल होऊ देऊ नका.’

‘मागचा कुठला?’ मी म्हणाले.

दाजींच्या मशीनमागे पत्र्याचा आडोसा होता. तिथे ते कपडे बदलायचे, पिशवी टांगायचे. त्याच फटीत एक सिलिंडर उभा असायचा. आम्हाला सगळ्यांना वाटायचं, पुढचा संपला तर असावा म्हणून ठेवलाय. मी त्या माणसाला विचारलं, दोन्हींत फरक काय? त्याने दोन वाक्यांत सांगितलं. लोखंडाच्या गॅसमधे कार्बन डायऑक्साइड बराच असतो, लोखंड तो पचवतं. स्टेनलेसला सोसत नाही. त्याला जवळजवळ सगळा आर्गॉन लागतो, दुसऱ्याचा नुसता वास. नाहीतर सांधा काळा पडतो, गंजतो. ‘त्यात पाणी आणि औषध लागलं तर विचारूच नका,’ तो म्हणाला. ‘आणि तेच आकडे लावले तरी ज्योत थुंकते, ठिणग्या उडतात.’

तो गेल्यावर मी आडोशाआड गेले. मागच्या सिलिंडरची नळी पत्र्यातल्या भोकातून मशीनच्या पाठीशी आली होती. तिथे पितळेची एक छोटी चावी होती. अलीकडे फिरवली की पुढचा गॅस, पलीकडे फिरवली की मागचा. हात मशीनमागे घातला की नेमका तिथेच जात होता. मी उलट्या टाकलेल्या खोक्यावर बसले. मला त्या सकाळची केबल आठवली.

दाजी कामावर आले त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी त्यांच्यासमोर जाऊन बसले. म्हणाले, ‘दाजी, चावी बघितली मी.’

त्यांनी डब्याचं झाकण लावलं. मग विचारलं, ‘कधी?’

‘परवा. तुम्ही त्याला गॅसचं का नाही सांगितलं?’

‘त्याने विचारलं नाही.’

‘विचारलं. बाकी काही, असं विचारलं. मी तिथे उभी होते.’

दाजींनी मान खाली घातली. तसेच खाली बघत, तुटक तुटक बोलले. ‘मालक म्हणाले होते, त्याचा हात माझ्यापेक्षा हलका. मला वाटलं, चार-सहा सांधे बिघडतील. मग म्हणतील, दाजींशिवाय होत नाही. एवढंच. काम पाण्यातलं आहे हे माहीत होतं मला. पण माणूस पडेल, हे नव्हतं डोक्यात. त्याने फोन केला तेव्हा सांगणार होतो. तोंडापर्यंत आलं होतं. आणि तोंडातून दुसरंच गेलं.’

‘आणि नंतर? मालकांनी मारून दाखवा म्हटलं तेव्हा?’

दाजी डबा पिशवीत घालायला लागले.

मी म्हणाले, ‘ताईला तुम्ही सांगा, नाहीतर मी सांगेन.’ त्यांनी आठ दिवस मागितले. आठ दिवसांचे चार महिने झाले. त्यांनी सांगितलं नाही, आणि खरं तर मीही नाही. रोज ठरवायचे, रोज ताईचा चेहरा डोळ्यांसमोर यायचा. शिवाय मी तोंड उघडलं तर कुणीतरी मला विचारणार होतं, की तुला सांधे काळे दिसले होते ना? शहाणपण नव्हतं ते, भित्रेपणा होता.

शेवटी त्यांनीच सांगितलं. आठवड्याच्या मधल्याच एका वारी, दुपारी, कामावरून अर्ध्यातून घरी जाऊन. पुढचं मला ताईने सांगितलं. ती म्हणाली, ‘मी कपडे घडी करत होते. हे समोर उभे राहिले आणि शाळेतल्या पोरासारखं एका दमात सगळं बोलले. मला आधी कळलंच नाही. मग मी एवढंच विचारलं, त्याने फोन केला तेव्हा तरी? हे म्हणाले, नाही. मी घड्या करत राहिले. झालेल्या घड्या उलगडून पुन्हा केल्या. मला वाटत होतं, हात थांबला तर मी काहीतरी फेकून मारेन.’

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने दोघं मेहुण्याच्या गावी गेले. तो रात्रपाळी करून गोदामातून नुकताच आला होता. दाजींनी उभ्या उभ्याच सांगितलं, चावी, सिलिंडर, फोन, ते मारून दाखवणं, सगळं. मेहुणा ऐकत राहिला. त्याच्या बायकोने तोंडाला पदर लावला. तो मात्र आपले दोन्ही तळहात समोर धरून बघत होता.

‘तीन वर्षं,’ तो म्हणाला. ‘दाजी, तीन वर्षं मी या हातांना शिव्या देतोय. साधा पेला सांडला तरी वाटतं, हातच तसले. आणि हातात काही नव्हतंच?’

‘नव्हतं,’ दाजी म्हणाले. ‘हात चांगला होता तुझा. माझ्यापेक्षा.’

‘हे तेव्हा एकदा म्हणाला असतात तर...’ मेहुण्याने वाक्य सोडून दिलं. मग त्याने विचारलं, ‘बाईंना सांगितलंत?’

‘नाही.’

‘मग इकडे आधी कशाला आलात? तिकडे जा.’

त्याने बहिणीला बसवलं, चहा केला, पण दाजींना बसा म्हटलं नाही. दाजी दारातच उभे राहिले आणि मग एकटे निघाले.

त्या शिक्षिका आपल्या मुलीकडे राहत होत्या. खाटेवर, खिडकीशी. खुबा जुळला होता पण पाय पुन्हा उभा राहिला नाही, पुढे त्या चालल्याच नाहीत. दाजींनी त्यांनाही सगळं सांगितलं. त्यांनी मधे एकदाही अडवलं नाही. शेवटी म्हणाल्या, ‘तुमचा गॅस मला कळत नाही. पण तो माणूस वर्षभर दर रविवारी इथे येऊन मला वर्तमानपत्र वाचून दाखवत होता. तुम्ही बसलात ना, त्याच खुर्चीत. वाचता वाचता रडायचा. आणि मी, अशी पडलेली, त्याची समजूत काढायचे, की असू दे, चूक होते. तुमच्या चुकीबद्दल मी त्याची समजूत घालत होते. ते वर्षभराचे रविवार कुठून आणून द्याल?’

हे दाजींनी स्वतः मला सांगितलं. सांगताना खुर्चीचा हात धरावा तशी त्यांची मूठ आवळलेली होती.

मालकांनाही सांगितलं. ते तेव्हा फार थकले होते, वर्कशॉपात आठवड्यातून एखादा दिवस यायचे. सगळं ऐकून म्हणाले, ‘मी असं म्हणालो होतो? त्याचा हात हलका म्हणून? मला तर आठवतही नाही.’ मग केंद्राला पत्र लिहिलं गेलं, त्यात खरं काय ते लिहिलं. दाजींनी राजीनामा दिला, मालकांनी तो घेतला नाही. म्हणाले, ‘पळून जाऊ नका. इथे बसून चार जणांना शिकवा.’ दाजींनी पत्र्याचा आडोसा स्वतः काढला. दोन्ही सिलिंडर समोर, शेजारी शेजारी उभे केले आणि भिंतीवर पांढऱ्या रंगाने मोठ्या अक्षरांत सगळं लिहिलं. पहिली ओळ गॅसची. खाली पाईपची जाडी, वायर, व्होल्ट, वेग. नवीन आलेल्यांना ते वाचून दाखवायचे आणि प्रत्येकाला शेवटी विचारायचे, ‘काही राहिलं का? विचार. पुन्हा विचार.’ चारही जण बऱ्यापैकी तयार झाले. पण मेहुण्यासारखा एकही नाही, असं दाजीच म्हणायचे.

मालकांनी मेहुण्याला दोनदा निरोप धाडला. तो आला नाही. म्हणाला, मन राहिलं नाही. चाळिशी उलटली होती, गोदामात मुकादम झाला होता, मुलं तिथल्या शाळेत रुळली होती. एकदा मी फोनवर त्याची माफी मागितली, बफ मारल्याबद्दल. तो म्हणाला, ‘तुमचं काय चुकलं, पॉलिशबाई? तुम्हाला दिलं ते तुम्ही चमकवलं.’ बरं वाटावं म्हणून म्हणाला, पण मला त्याने जास्तच लागलं.

आता दाजीही घरी असतात, मीही. ताई दोन महिन्यांतून एकदा भावाकडे जाते. दाजी तिला बसपर्यंत सोडतात, पिशवी आत ठेवतात, आणि खाली उभे राहतात. बरोबर चला, असं ती म्हणत नाही, आणि तेही निघत नाहीत. घरात ती त्यांचं सगळं करते. पण त्या दुपारनंतर ती त्यांना शर्टावरून एकदाही बोललेली नाही, असं दाजी मला म्हणाले.

गेल्या वर्षी ताईला न्यूमोनिया झाला आणि मेहुणा आला. दोन दिवस राहिला. मी तिला बघायला गेले तेव्हा ती औषधाने झोपली होती आणि हे दोघं बाहेरच्या खोलीत, एक पलंगावर, एक स्टुलावर. मेहुण्याचे केस पांढरे झालेत. मला पाहून तो हसला, जुन्यासारखा, आणि उठून मला जागा दिली. भिंतीवरच्या पंख्याचा आवाज तेवढा.

बऱ्याच वेळाने दाजींनी विचारलं, ‘परतीची गाडी किती वाजता?’

‘सव्वाचारला,’ मेहुणा म्हणाला.

‘पाचलाही एक असते. त्या गाडीत बसायला जागा मिळते.’

मेहुण्याने घड्याळात पाहिलं. ‘बघतो,’ म्हणाला, आणि सव्वाचारच्या गाडीने गेला.